एलईडी दिव्यांचा खरा धोका कुठे असतो आणि तो घरच्या घरी कसा तपासायचा

तीन वर्षांपूर्वी आम्ही डोंबिवलीत एका जुन्या इमारतीत फ्लॅट घेतला. फरशी, ओटा आणि रंगकामात पैसे संपत आले आणि दिव्यांचा विचार अगदी शेवटी झाला. जुने पिवळे बल्ब आणि ट्यूबलाइट काढून एका दिवसात घरभर एलईडी बसवून टाकले. महिन्याभरात दोन गोष्टी घडल्या. दहावीतली मुलगी संध्याकाळी अभ्यासाला बसली की तासाभरात कपाळ धरून उठायची. आणि सासूबाईंना पॅसेजमधला बल्ब ओल्या फडक्याने पुसताना करंट लागला. बटण बंद होतं, तरीही लागला. त्या स्टुलावरून पडल्या आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला.

त्या काळात ज्याला विचारावं तो निळ्या प्रकाशाबद्दलच बोलायचा. डोळे जातात, पडदा जळतो, खास चष्मा घ्या. सासूबाईंच्या हाताचा निळ्या प्रकाशाशी काहीही संबंध नव्हता. मुलीच्या डोकेदुखीचाही नव्हता, हे नंतर कळलं. पुढचे काही महिने मी वायरमन, नेत्रतज्ज्ञ आणि एक अभियंता नातेवाईक यांना खोदून खोदून विचारलं, वाचलं, घरातला एकेक दिवा तपासला. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे: घरातल्या एलईडीबद्दल आपण डोळ्यांची भीती फार बाळगतो आणि विजेची, उष्णतेची फार कमी. म्हणून इथे वीज आधी येते, डोळे नंतर.

आधी हे जवळ घ्या

एक चांगल्या प्रतीचा टेस्टर, कोरडा फायबरचा किंवा लाकडी स्टूल, रबरी तळाच्या कोरड्या चपला, स्लो मोशनमध्ये चित्रण करणारा मोबाईल, परमनंट मार्कर आणि एक वही. कागदांपैकी दिव्यांचे खोके आणि पक्की बिलं हवीत. वॉरंटी बिलावरच मिळते. घराच्या वायरिंगचा नकाशा असेल तर उत्तमच, पण जुन्या घरांत तो क्वचितच सापडतो. आणि एका परवानाधारक वायरमनचा अर्धा दिवस. पायरी २ मधलं बोर्डाच्या आतलं काम स्वतः करू नका.

पायरी १: घरातले सगळे दिवे वहीत उतरवा

खोलीवार लिहा: दिवा कुठला, किती वॅटचा, उघडा आहे की काचेच्या गोळ्यात बंद, किती वर्षांचा, बटण बंद केल्यावर मंद जळत राहतो का, प्लास्टिकची टोपी घट्ट आहे का. शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून देशभरात ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. त्यातले सुरुवातीचे बल्ब आता दहा वर्षांचे झालेत. पॅसेजमध्ये, संडासात, माळ्यावर असे बल्ब अजून जळत असतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

पायरी २: बटण फेजवर आहे का, ते तपासून घ्या

सासूबाईंच्या अपघाताचं मूळ इथे होतं, म्हणून हे सविस्तर सांगते.

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज, दुसरी न्यूट्रल. करंट लागतो तो फेजचा. नियमाप्रमाणे बटणाने फेज तोडायची असते, म्हणजे बटण बंद केलं की होल्डरपर्यंत वीज पोचतच नाही. जुन्या घरांत कोणीतरी कधीतरी केलेल्या दुरुस्तीत तारांची अदलाबदल होते आणि बटण न्यूट्रलवर जातं. दिवा तसाच लागतो, तसाच विझतो. कुणाला काही जाणवत नाही. पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये २३० व्होल्टची फेज उभी असते.

जुन्या पिवळ्या बल्बला काचेचं कवच होतं. ते फुटलं की बल्ब संपला, त्यामुळे काच फोडून आतल्या तारेला हात लागण्याचा प्रसंग क्वचितच यायचा. एलईडी बल्बची पांढरी टोपी नुसती चिकटवलेली किंवा खटक्यात बसवलेली असते. उष्णतेने गोंद सुटतो, टोपी हातात येते, आणि दिवा तरीही छान जळत राहतो. आत अॅल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे ठिपके दिसतात. स्वस्त बल्बमध्ये हे ठिपके मुख्य विजेपासून वेगळे केलेले नसतात. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. त्या ठिपक्याला बोट लावणं म्हणजे जवळजवळ फेजच्या तारेला बोट लावणं. आमच्याकडे टोपी सुटलेली होती आणि बटण न्यूट्रलवर होतं. दोन्ही दोष एकत्र आले आणि वर ओलं फडकं.

वायरमनकडून प्रत्येक दिव्याच्या पॉइंटवर हे करून घ्या: बटण बंद, बल्ब काढलेला, होल्डरच्या दोन्ही टोकांवर टेस्टर. एकाही टोकावर तो पेटता कामा नये. पेटला तर बोर्डात तारा बदलून घ्या. काम थोड्या वेळाचं असतं. आमच्या घरात चौदा पॉइंटपैकी तीन उलटे निघाले.

आता बटण बंद केल्यावरही मंद जळणाऱ्या बल्बबद्दल. हे दिसलं की घरातले लोक घाबरतात किंवा हसून सोडून देतात, दोन्ही नको. कारणं साधारण तीन. बटणात छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्यातून वाहणारा अगदी थोडा करंटही एलईडीला पुरतो. यात धोका नाही. दोन तारा लांबवर शेजारून गेल्या असतील तर बंद तारेत किंचित वीज उतरते; यातही धोका नाही. तिसरं कारण म्हणजे न्यूट्रलवर बसवलेलं बटण, आणि ते धोक्याचं. कुठलं कारण आहे ते वायरमनकडून तपासून घ्या.

याच भेटीत मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघून घ्या. वीज शरीरातून जमिनीकडे वाहू लागली की तो पुरवठा क्षणात तोडतो. आमच्याकडे तो नव्हता. आता आहे. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर आरसीसीबीला काही कळत नाही, तेव्हा तो लावला म्हणून बेफिकीर होऊ नका. धातूच्या अंगाचे दिवे, बाथरूममधले पॅनेल आणि गच्चीवरचे फोकस यांची हिरवी अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, हेही बघा. ती कापून आत कोंबलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे.

पायरी ३: खोका वाचल्याशिवाय बल्ब घेऊ नका

भारतात एलईडी बल्ब विकायचा तर तो भारतीय मानक ब्युरोकडे नोंदलेला असावा लागतो. बल्बच्या सुरक्षिततेचं मानक आयएस १६१०२ भाग १. खोक्यावर आणि बल्बवर मानकाचं चिन्ह, हा आकडा आणि त्याखाली ‘आर’ अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोचं ‘बीआयएस केअर’ हे मोफत अॅप मोबाईलवर घ्या आणि दुकानातच उभं राहून तो क्रमांक टाका. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली तर घ्या. क्रमांक सापडला नाही किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर बल्ब परत ठेवा. एक मिनिटाचं काम आहे. दुकानदाराला आवडत नाही, तरी करा.

फसण्याची जागा ही: नावाजलेल्या कंपनीसारखंच नाव, एखादं अक्षर बदललेलं, आणि खोक्यावर ‘२ वर्ष गॅरंटी’ ठळक पण नोंदणी क्रमांक कुठेच नाही. रस्त्यावरच्या हातगाडीवर ‘९ वॅट’ म्हणून मिळणारा बल्ब बहुतेक वेळा तेवढा प्रकाश देत नाही. वॅटकडे बघू नका, ल्युमेनकडे, म्हणजे उजेडाच्या मापाकडे, बघा. जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड हवा तर ७०० ते ८०० ल्युमेन लागतात. चांगला ९ वॅटचा एलईडी ते सहज देतो. खोक्यावर ल्युमेनच छापलेले नसतील तर तेवढ्यावरूनच काय ते समजा.

रंगाची खरी ओळख दाखवणारा आकडा, सीआरआय, ८० किंवा त्याहून वरचा घ्या. कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल रंग मरतो. स्वयंपाकघरात हे जाणवतं: फोडणी किती तांबूस झाली, मांस नीट शिजलं का, कापलेल्या बोटातून रक्त किती येतंय, याचा अंदाज चुकतो.

पायरी ४: जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब घालताना

जुनी पट्टी तशीच ठेवून त्यात एलईडी ट्यूब खोचण्याची पद्धत फार आहे. वाचतात शंभर-दोनशे रुपये. जुन्या पट्टीत चोक आणि स्टार्टर असतो. एलईडी ट्यूबला ते लागत नाहीत. शिवाय काही एलईडी ट्यूबना वीज एकाच टोकाच्या दोन पिनांवर द्यायची असते, काहींना एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. दुसऱ्या प्रकारात एक टोक बसवलं आणि दुसरं हातात असताना कोणी बटण चालू केलं, तर हातातल्या पिनांवर वीज येऊ शकते. वरच्या पट्टीतली वायरिंग कुठल्या प्रकाराची आहे हे खालून दिसत नाही, आणि पाच वर्षांनी ट्यूब बदलणाऱ्याला कोण सांगणार?

माझा सल्ला सरळ आहे: पट्टी काढून टाका आणि एकसंध एलईडी बॅटन (पट्टी आणि ट्यूब एकत्र असलेला दिवा) लावा. जुनी ट्यूब उतरवताना फोडू नका, तिच्यात पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, तुकडे हातमोजे घालून ओल्या कागदाने उचला आणि झाकणाच्या डब्यात भरा. झाडू मारू नका.

पायरी ५: उष्णतेला वाट द्या

‘एलईडी गरम होत नाही’ हे अर्धंच खरं. त्याचा प्रकाश गरम लागत नाही, पण घेतलेल्या विजेतला मोठा भाग आत उष्णताच होतो आणि ती मागच्या अंगातून बाहेर पडायला हवी. खोक्यावर २५,००० तास लिहिलेले असतात. रोज ५ तास लावला तर हिशेबाने तेरा वर्षांहून जास्त. तरी बल्ब दोन वर्षांत जातो, कारण आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) भाजतो. दर १० अंश तापमानवाढीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात साधा बल्ब कोंबू नका. खोक्यावर बंद फिटिंगसाठी चालेल असं लिहिलेलाच घ्या, नाहीतर कमी वॅटचा लावा. बल्बच्या मानेवर तपकिरी डाग, जळकट वास किंवा भुणभुण आली की तो त्याच दिवशी काढा.

आगीचा खरा धोका मला फॉल्स सीलिंगमध्ये दिसतो. पीओपीच्या खोबणीत पट्टीचे दिवे सोडायची हौस सगळ्यांना असते. त्यांचं गणित आधी करा. मीटरला ६० ठिपक्यांची नेहमीची जाड पट्टी सुमारे १४.४ वॅट घेते. पाच मीटरचं एक रीळ म्हणजे ७२ वॅट. वीज १२ व्होल्टची असल्यामुळे करंट ६ अँपिअर. म्हणजे १२ व्होल्ट ऐकायला निरुपद्रवी वाटलं, तरी तारेतून वाहणारा करंट एखाद्या इस्त्रीपेक्षा कमी नाही. तिथे ५ अँपिअरचा अडॅप्टर लावला आणि केसाएवढ्या तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळला, तर तो सांधा तापणारच. त्याखाली प्लायवूड आणि वर धूळ.

तेव्हा अडॅप्टर गरजेपेक्षा किमान पाव हिस्सा मोठा घ्या. वरच्या उदाहरणात ८ किंवा १० अँपिअरचा. सांधे सोल्डर किंवा कनेक्टरने करा. पट्टी अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा. अडॅप्टर छतात गाडून टाकू नका, हात पोचेल अशी झडप ठेवा. सुतार ‘लागत नाही’ म्हणेल. लागते. आणि रीळ गुंडाळलेलं असताना कधीही चालू करून बघू नका, दुकानातही नाही.

वीज गेल्यावर आपोआप लागणारे इन्व्हर्टर बल्ब वेगळे. त्यांच्यात लिथियम बॅटरी असते, म्हणून त्यांना बंद गोळा, शेगडीच्या वरची जागा आणि उन्हात तापणारी गॅलरी या तिन्ही ठिकाणी लावू नका. अंग फुगलेला बल्ब चार्ज करू नका, उघडू नका.

पायरी ६: फ्लिकर पकडा

आता मुलीची डोकेदुखी. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. जुन्या बल्बची तार तापलेली राहत असे, म्हणून त्यात हा चढउतार थोडाच होता. एलईडी मात्र क्षणात विझतो, क्षणात पेटतो. चांगल्या बल्बमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं आतलं सर्किट, हा चढउतार सपाट करतो, स्वस्तातला करत नाही. या लुकलुकीलाच फ्लिकर म्हणतात. इतक्या वेगाची लुकलुक डोळ्याला दिसत नाही, पण मेंदूपर्यंत पोचते. १९८९ साली ब्रिटनमधल्या एका कार्यालयात जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बदलून फार वेगाने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या लावल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. युरोपात १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती दिव्यांच्या फ्लिकरला कायद्याने मर्यादा आहे. आपल्याला स्वतःच तपासावं लागतं.

तपासणी सोपी आहे. खोलीत फक्त तो एक दिवा चालू ठेवा. मोबाईल स्लो मोशनवर लावून दिव्याच्या उजेडात पांढऱ्या भिंतीचं चित्रण करा. भिंत धडधडताना दिसली तर फ्लिकर आहे. जितकी काळी होऊन उजळते तितका वाईट. मोबाईल नसेल तर काळ्या कापडासमोर पांढरं पेन झपझप हलवा. एकसंध धूसर पट्टा दिसला तर ठीक. पंख्याच्या पात्यांसारखी वेगवेगळी पेनं दिसली तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर नको. आमच्या मुलीचा टेबललॅम्प या परीक्षेत साफ नापास झाला. तो बदलल्यावर पंधरा दिवसांत तिची तक्रार थांबली. सगळ्यांचीच थांबेल असं नाही. दिवा बदलूनही दुखत राहिलं तर डोळे तपासून घ्या, नंबर लागलेला असू शकतो.

दोन ठिकाणी फ्लिकर डोकेदुखीपुरता राहत नाही. एक, घरात कोणाला अर्धशिशी किंवा फीट येत असेल तर. मरायला टेकलेला एलईडी सेकंदाला चार-दहा वेळा डोळ्याला दिसेल असा उघडझाप करतो, आणि प्रकाशाने फीट येणाऱ्या माणसाला तीच गती धोक्याची असते. असा बल्ब ‘उद्या बदलू’ म्हणून ठेवू नका. दोन, फिरती यंत्रं. पिठाची गिरणी, लेथ, कडबाकुट्टी असलेल्या वाचकांनी इथे थांबून वाचा. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर चार आऱ्यांची पुली असेल, तर १०० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्याखाली ती सावकाश उलटी फिरताना दिसू शकते. प्रत्यक्षात ती बोट तोडण्याच्या वेगात असते. यंत्राजवळ फ्लिकर नसलेलाच दिवा लावा आणि दिवसा उजेड येईल अशी खिडकी मोकळी ठेवा.

आणखी एक सापळा: उजेड कमी-जास्त करणाऱ्या जुन्या डिमरवर साधा एलईडी. ‘डिमेबल’ लिहिलेला नसेल तर तो लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर जातो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही काही बल्ब असंच वागतात.

पायरी ७: निळा प्रकाश, भीती किती आणि काळजी किती

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्या निळ्या एलईडीसाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या चिपवर पिवळा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा उजेड पडतो. म्हणून त्याच्या प्रकाशात निळ्याचा एक उंच सुळका असतो, हे खरं.

पण मात्रा बघा. दिवसा बाहेर सावलीत उभं राहिलं तरी डोळ्यांवर जेवढा उजेड पडतो, त्याचा लहानसा अंशच घरातला दिवा देतो. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये निष्कर्ष दिला की नेहमीच्या वापरातल्या एलईडीमुळे निरोगी माणसांच्या आरोग्याला थेट अपाय होतो असा पुरावा नाही; लहान मुलं आणि वृद्धांच्या बाबतीत मात्र तिने सावध केलं. फ्रान्सच्या आरोग्यसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये अधिक कडक भूमिका घेतली: निळ्या प्रकाशापासून मुलांना जपा, घरात उबदार रंगाचे दिवे लावा, रात्री मोबाईल-टीव्हीचे स्क्रीन कमी वापरा. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवरच्या चाचण्यांचा वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला, तेव्हा डोळ्यांचा ताण कमी करण्यात त्यांचा उपयोग बहुधा होत नाही असं निघालं. मी तो चष्मा घेतला नाही.

झोपेचं मात्र मनावर घ्या. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी बघण्यासाठी नसतातच. दिवस आहे की रात्र हे त्या शरीराला सांगतात, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा मोठा तितका उजेड निळसर-पांढरा, लहान तितका पिवळसर. रात्री दहाला ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली बसलं तर शरीर त्याला दिवस समजतं आणि मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, लांबतं. आपल्याकडे ‘कूल डेलाइट’ हाच रंग सर्वाधिक खपतो. ‘पिवळा उजेड म्हणजे अंधार’ हे डोक्यात बसलंय, कारण व्होल्टेज कमी असताना पिवळा बल्ब निस्तेज जळायचा. २७०० किंवा ३००० केल्विनचा एलईडी तेवढेच ल्युमेन देतो.

आम्ही असं केलं: ओटा, अभ्यासाचं टेबल आणि बाथरूममध्ये ४००० केल्विन, दिवाणखान्यात दोन वेगळ्या बटणांवर दोन रंग, झोपायच्या खोल्यांत फक्त ३०००. झोपण्याआधी तासभर फक्त एक छोटा दिवा. नुसता रंग बदलून भागत नाही, उजेडही कमी हवा. रस्त्यावरचा दिवा खिडकीतून थेट पलंगावर येत असेल तर जाड पडदा लावा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांवरचे दिवे ३००० केल्विन किंवा त्याखालचे असावेत असं सुचवलं होतं. आपल्या गल्लीत काय आहे ते रात्री एकदा बाहेर पडून बघा आणि फार बोचत असेल तर सोसायटीमार्फत पालिकेकडे अर्ज द्या.

पायरी ८: बाळ आणि म्हातारी माणसं

तान्ह्या बाळाच्या डोळ्याचं भिंग फार स्वच्छ असतं, निळा प्रकाश जास्त आत जातो. शिवाय बाळ पाठीवर पडून वर टक लावतं आणि त्याला स्वतःहून उजेडापासून दूर होता येत नाही. पाळण्याच्या बरोबर वर उघडा डाउनलाइट नको. उजेड भिंतीवर किंवा छतावर पाडून घ्या. लहानांच्या हातात प्रखर टॉर्च देऊ नका.

म्हाताऱ्या माणसांची अडचण उलटी. त्यांना उजेड जास्त लागतो, पण डोळे पटकन दिपतात. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी पॅसेजमधल्या उघड्या ठिपक्यांच्या दिव्याने त्यांना समोरची पायरीच दिसत नसे. दुधी आवरणाचा दिवा लावला आणि रात्री पलंगापासून संडासापर्यंत जमिनीलगत दोन मंद पिवळे दिवे ठेवले. माझ्या मते वृद्धांच्या घरात यापेक्षा मोलाचा बदल नाही.

जंतू मारणारे अतिनील दिवे ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ते त्वचा आणि डोळे भाजतात. माणसं खोलीत असताना ते लावू नयेत आणि हातांवर तर मुळीच फिरवू नयेत. मिरवणुकांतले लेझरही एलईडी नव्हेत. ते थेट डोळ्यात गेले तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांना खांद्यावर घेऊन त्या झोतासमोर उभे राहू नका.

पायरी ९: दिवाळीच्या माळा आणि कंदील

बाजारातल्या बऱ्याच स्वस्त माळा थेट २३० व्होल्टवर चालतात. दिवे इवलेसे, तार सुतळीहून बारीक, म्हणून त्या खेळण्यासारख्या वाटतात. एक दिवा तुटून दोन टोकं उघडी पडली की त्या टोकांवर मुख्य वीज असते. अशी माळ गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला गुंडाळली की सगळं ग्रिल विजेने भारलं जाऊ शकतं. गॅलरीसाठी, तुळशीसाठी आणि मुलांचा हात पोचेल तिथे अडॅप्टरवर चालणारी कमी व्होल्टची माळच घ्या आणि अडॅप्टर घराच्या आत ठेवा. माळांनाही बीआयएसची नोंदणी लागते, क्रमांक तसाच तपासा.

गेल्या वर्षीची माळ लावण्याआधी दिवसाउजेडी, प्लग न लावता, सगळी तार बोटांतून ओढून बघा. कोयता किंवा दाताने सोललेले, नुसते पिळलेले सांधे कापून टाका. पिन न लावता तारा थेट सॉकेटमध्ये काडीने खोचण्याची सवय बंद करा. आकाशकंदिलात एलईडी बल्ब लावा, तो कागदाला जुन्या बल्बइतका तापवत नाही, पण कागद बल्बला टेकता कामा नये. परतीचा पाऊस आला की आधी आतून बटण बंद, मग कंदील उतरवा.

पायरी १०: दुरुस्ती आणि विल्हेवाट

बंद पडलेला एलईडी बल्ब उघडून जळालेला ठिपका चिमट्याने जोडून पुन्हा चालू करण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. कृपया करू नका. एक ठिपका वगळला की बाकीच्यांवर ताण वाढतो, बल्ब जास्त तापतो. आतला कपॅसिटर होल्डरमधून काढल्यावरही काही काळ भरलेला राहून झटका देऊ शकतो. आणि टोपी एकदा उघडली की पुन्हा नीट बसत नाही. वॉरंटीत असेल तर बिल घेऊन दुकानात जा.

एलईडीत पारा नाही, पण शिसं, तांबं आणि इतर धातू असतात. तो ओल्या कचऱ्यात नको, सुक्यातही नको. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. गेलेले बल्ब, अडॅप्टर आणि माळा एका खोक्यात साठवा आणि ई-कचरा संकलनाच्या दिवशी द्या. लिथियम बॅटरीचे इन्व्हर्टर बल्ब त्यात न मिसळता वेगळ्या डब्यात ठेवा.

नवा बल्ब बसवण्याआधी त्याच्या मानेवर मार्करने महिना आणि वर्ष लिहा. आमच्या पॅसेजमधल्या बल्बवर आता ‘जून २०२४’ आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत एमसीबी (मेन बोर्डातला वीज तोडणारा खटका) खाली पाडायचा, कोरड्या फडक्याने पुसायचं आणि टोपी हलते का ते बोटाने दाबून बघायचं. हे काम आता सासूबाई स्वतः उभ्या राहून माझ्याकडून करून घेतात.